नवा माणूस आला आणि धंदा बसला: खापर कोणावर फोडायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत पहिला मॅनेजर नेमण्याबद्दल बोललो. त्यात मुंबई सिटी फुटबॉल क्लबचं उदाहरण दोन मिनिटांत उरकावं लागलं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. फुटबॉल बघत नसाल तरी वाचा, कारण खरा विषय तुमच्या दुकानाचा आणि वर्कशॉपचाच आहे.

२०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगची शील्डही जिंकली आणि कपही. १३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर फायनल झाली. मॅच संपता संपता बिपिन सिंगने गोल मारला आणि एटीके मोहन बागानला २-१ ने हरवलं. कोच होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. चाहते हवेत होते. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये, पुढचा हंगाम अगदी तोंडावर असताना, लोबेरा गेले आणि त्यांच्या जागी आले इंग्लंडचे डेस बकिंगहॅम. वय ३६, आपल्याकडे कोणी नावही ऐकलेलं नाही.

सुरुवात झकास झाली. पहिल्या सहा मॅचपैकी पाच जिंकल्या, त्यात मोहन बागानला चक्क ५-१ ने धुतलं. आणि मग गाडी घसरली. केरळा ब्लास्टर्सकडून ०-३, ओडिशाकडून २-४, बेंगळुरूकडून ०-३, मधे काही बरोबरी. सलग सात मॅचमध्ये एकही विजय नाही! हंगाम संपला तेव्हा गतविजेता संघ पाचवा होता, आणि सेमीफायनलला तेव्हा पहिले चारच जायचे.

आता चाहत्याच्या जागी बसून बघा. वर्षभरापूर्वी दोन ट्रॉफ्या, आज पाचवा नंबर. मधे काय बदललं? कोच. म्हणजे दोष कोचचा. हिशोब इतका सरळ दिसतो की दुसरा विचार मनात येतच नाही. (क्रिकेटवाल्यांनी २०२४ ची मुंबई इंडियन्स आठवावी. नवा कर्णधार हार्दिक पंड्या, घरच्या वानखेडेवर त्याची हुर्यो, आणि संघ दहावा, म्हणजे शेवटचा.)

पण कोचशिवाय अजून काय बदललं होतं? कॅप्टन आणि गोलकीपर अमरिंदर सिंग मोहन बागानला गेला. मिडफिल्डचा जादूगार ह्यूगो बूमोसही तिकडेच गेला. ॲडम ले फाँड्र ऑस्ट्रेलियाला परतला. बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादला गेला, तिथे त्याने १८ गोल मारून त्या हंगामात सगळ्यात जास्त गोल करणारा ठरला, आणि हैदराबादने कपही उचलला. आता सांगा, एवढी माणसं गेल्यावर लोबेरा असते तरी तोच निकाल लागला असता का? मला नाही वाटत.

हेच आपल्याकडे कसं होतं बघा. समजा अंबड एमआयडीसीत तुमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. दहा वर्षांचा सुपरवायझर सोडून गेला आणि जाताना दोन हुशार ऑपरेटरही घेऊन गेला. तुम्ही नवा सुपरवायझर आणला. तीन महिन्यांत रिजेक्शन वाढलं, पार्टीचे फोन सुरू झाले. तुम्ही म्हणता, नवीन माणसात दम नाही. अहो, पण त्याच्या हातात तुम्ही दिलंय काय? गेलेल्या दोन ऑपरेटरच्या जागी हेल्पर उभे केलेत आणि मोजमाप मात्र जुन्या टीमशी करताय.

दुसरी गोष्ट समजायला थोडी अवघड आहे, पण महत्त्वाची. सर्वोत्तम वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा खालीच येतं. कारण सर्वोत्तम वर्षात मेहनतीसोबत नशिबाचाही वाटा असतो: शेवटच्या मिनिटाचा गोल, समोरच्याचं दुकान बंद असणं, लग्नाचे मुहूर्त जास्त असणं. गंगापूर रोडवरच्या मिसळवाल्याचा एखाद्या महिन्यात गल्ला दुप्पट झाला, तर पुढच्या महिन्यात तो उतरणारच. त्याच महिन्यात आचारी बदललेला असेल तर गिऱ्हाईक म्हणणार, "तर्रीला आता ती चव राहिली नाही."

उलट्या बाजूनेही हेच होतं. फार वाईट काळात माणूस बदलला की पुढे थोडं बरं होतं आणि श्रेय नव्याला मिळतं. बास टेर वील या अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ चे हंगाम तपासले. घसरण झाल्यावर ज्यांनी कोच काढला ते संघ सावरले, पण तशाच घसरणीत ज्यांनी कोच ठेवला तेही सावरलेच. कोच काढून वेगळा फायदा दिसला नाही.

मुंबई सिटीच्या मालकांनी काय केलं? बकिंगहॅमना ठेवलं आणि भोकं बुजवली. जानेवारी २०२२ मध्येच छांगटेला आणलं होतं. मग जमशेदपूरचा ग्रेग स्टुअर्ट, केरळाचा होर्खे परेरा डियाझ, गोव्याचा अल्बेर्तो नोगेरा आले. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये याच कोचने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. त्या स्पर्धेत मॅच जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ मध्ये लीगमध्ये सलग १८ मॅच न हरता शील्ड परत घरी आली. ज्याला हाकला म्हणत होते, तोच कोच!

आता कोणी म्हणेल, सर, त्यांच्यामागे तेव्हा मँचेस्टर सिटीचा ग्रुप होता, आमच्यामागे बँकेचा हप्ता. बरोबर आहे. तुम्ही वर्षभर थांबू शकत नाही. म्हणूनच थांबण्याची मुदत माणूस येण्याआधी ठरवा, राग आल्यावर नाही. माझ्या मते छोट्या धंद्यात ९० दिवस द्यावेत, आणि त्यात गल्ल्याऐवजी त्या माणसाच्या हातात असलेल्या गोष्टी बघाव्यात. माल वेळेवर निघतो का, तीच चूक पुन्हा होते का, जुनं गिऱ्हाईक परत येतं का, बाकीची पोरं त्याचं ऐकतात का. एका वहीत दर शनिवारी चार ओळी लिहा, पुरे. गल्ला खाली पण या गोष्टी सुधारत असतील तर थांबा. गल्ला वर असूनही या बिघडत असतील तर बोलायला बसा. आणि पैशात गडबड असेल, तर ९० दिवस वगैरे काही नाही, त्याच दिवशी निरोप द्या.

घाई केली की काय होतं ते पुण्याने पाहिलंय. २०१७-१८ मध्ये रांको पोपोविच यांनी एफसी पुणे सिटीला पहिल्यांदा सेमीफायनलला नेलं. पुढच्या हंगामात ते नव्हते. नवे कोच मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना तीन मॅचनंतर काढलं, मग हंगामी कोच, मग फिल ब्राऊन. एका हंगामात तीन माणसं! २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. कारण पैशाचं होतं, कोचचं नव्हतं, पण पैसा तुटत असताना कोच बदलून काय साधणार?

बकिंगहॅम नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. ऐन हंगामात आलेल्या पेत्र क्रात्की यांना तयार टीम मिळाली, आणि ४ मे २०२४ ला त्यांनी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला. मग त्या उन्हाळ्यात पुन्हा माणसं गेली. २९ मार्च २०२५ ला प्लेऑफमध्ये मुंबई बेंगळुरूकडून ०-५ ने हरली, आणि चाहते पुन्हा कोचवर तुटून पडले. राहुल भेके, डियाझ आणि नोगेरा तेव्हा बेंगळुरूच्या ताफ्यात होते.