मसूर ते वासोटा, व्हाया वसंतगड

साताऱ्याहून कऱ्हाडला येताना उंब्रज मागे पडले की उजव्या हाताला एक चपट्या माथ्याचा डोंगर दिसू लागतो. लहानपणी आम्ही सुट्टीला आजोळी यायचो, तेव्हा एसटीत आई म्हणायची, "वसंतगड आला, पायात चपला घाला." गड म्हणजे कऱ्हाड जवळ आल्याची खूण, एवढीच त्याची किंमत. तिथे कोण लढले, कोणाचा हात तुटला, हे कळायला मला पुढे तीसेक वर्षे लागली. आणि ज्या बाईमुळे कळले, तिने गेली कित्येक वर्षे माझ्या रविवारांचा कब्जा घेतला आहे.

गुडघे बोलू लागल्यापासून मी किल्ल्यांसाठी तीन अटी घातल्या आहेत. चढ तासाभरात संपला पाहिजे, वरून नदी दिसली पाहिजे आणि संध्याकाळच्या जेवणाला घरी पोचता आले पाहिजे. सातारा-सांगलीत या अटी पुऱ्या करणाऱ्या गडांची वाण नाही. अजिंक्यताऱ्यावर पहाटे अर्धे सातारा शहर पाय मोकळे करायला येते. सज्जनगडावर दर्शनाला जाणारे उरमोडीचे पाणी वरूनच बघून घेतात. वाईकडचे पांडवगड, वैराटगड, अलीकडचे चंदन-वंदन यांवर इतके छापून आले आहे की मी भर घालू नये. मी दक्षिणेकडे वळतो. कृष्णा आणि कोयना कऱ्हाडला समोरासमोर येऊन भेटतात, तिथून एका दिवसाच्या टप्प्यात बसणारे गड माझ्या आवडीचे आहेत.

त्यातला सर्वांत सोपा मच्छिंद्रगड, सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. शिवाजी महाराजांनी १६७६च्या सुमारास तो बांधला, असे सांगतात. वर मच्छिंद्रनाथाचे देऊळ असल्यामुळे पायऱ्या आहेत आणि आजीबाईसुद्धा चढतात. डोंगर मोकळ्या रानात एकटाच उभा, म्हणून चारी बाजू उघड्या. खाली मैलोन्‌मैल ऊस, साखर कारखान्याची धुराडी, मिरजेकडे जाणारी रेल्वे आणि या सगळ्यातून वळणे घेत जाणारी कृष्णा. वर बांधकाम म्हणाल तर थोडकेच. पण अर्धा तास बसून नदीकडे बघितले, की एवढ्या बुटक्या टेकडीला गड का म्हटले ते ध्यानात येते. नदी कुठे उतरता येते, कुठे नाही, हे इथून सगळे दिसते. लढायची वेळ आली तर हा गड फार टिकणार नव्हता. त्याने बघावे आणि कळवावे, एवढीच अपेक्षा असणार.

पाटणजवळचा दातेगड याच्या उलट. पाटणला कोयना आणि केरा एकत्र येतात. तिथून डोंगरावर चढले की दारातच कातळात कोरलेले गणपती आणि मारुती भेटतात. आत गेले की खडकात उभी चिरलेली, तलवारीच्या आकाराची विहीर. पायऱ्या उतरत खाली गेलात की उन्हाळ्यातही अंगावर शहारा येतो. मला दातेगड आवडतो तो या एका विहिरीसाठी. बाकी तटबंदी वगैरे बघायला आलेले लोक थोडे हिरमुसून जातात.

आणि आता वसंतगड. तळबीडकडून निघाले तर रमतगमत तासाभरात माथा. माथा म्हणजे ऐसपैस पठारच. दरवाजा गोमुखी, आत गणपती, पुढे चुन्याचा घाणा, समाध्या आणि मधोमध चंद्रसेनाचे देऊळ. हा चंद्रसेन शूर्पणखेचा मुलगा, तपाला बसलेला असताना लक्ष्मणाच्या हातून चुकून मारला गेला, अशी इथली कथा. रावणाच्या भाच्याला कुलदैवत मानणारा मुलूख मला फार मोठ्या मनाचा वाटतो. गडावर दोन तळी आहेत, एकाचे नाव कृष्णा, दुसऱ्याचे कोयना. पूर्वेच्या तटावरून खरी कृष्णा दिसते, पश्चिमेला कोयनेचे खोरे पाटणकडे आत-आत जात धुरकट होते. दोन खोऱ्यांमध्ये घातलेला हा अडसर आहे. औरंगजेबाने नोव्हेंबर १६९९मध्ये गड घेतला आणि नाव ठेवले किलीद-ए-फतह, म्हणजे विजयाची किल्ली. किल्ली हातात आली, पण पुढचे कुलूप उघडायला त्याला एप्रिल उजाडला. साताऱ्याच्या किल्ल्याने डिसेंबर ते एप्रिल दम काढायला लावला.

पायथ्याचे तळबीड हे सेनापती हंबीरराव मोहित्यांचे गाव, म्हणजे ताराबाईंचे माहेर. माहेरचा गड पडला आणि चारच महिन्यांत, मार्च १७००मध्ये, सिंहगडावर राजारामांचे निधन झाले. मग या बाईने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. हे सर्वांना पाठ आहे. ज्या बाईसाठी मी हे लिहितो आहे, ती शंभर वर्षांनी याच गडाच्या सावलीत उभी राहिली. ताराबाईंना माहेर होते, सासर होते, सेनापतीची मुलगी म्हणून नाव होते. हिला ताई तेलीण म्हणतात. म्हणजे एक हाक आणि एक जात.

गोष्ट सुरू होते औंधच्या प्रतिनिधींच्या घरातल्या भांडणापासून. परशुराम श्रीनिवास प्रतिनिधी जन्मला १७७७ साली; त्याच वर्षी वडील भवानराव वारले, त्यामुळे पाळण्यातच पद मिळाले. असे पद मिळालेल्या मुलाभोवती जे होते तेच झाले. कारभार मुतालिक बळवंतराव फडणीसाच्या हाती, आईचा हात मुतालिकाच्या पाठीवर आणि मोठा झालेला मुलगा दोघांवर चिडलेला. त्यात त्याने तेल्याच्या घरातली एक बाई जवळ केलेली. घरच्यांना यातले नेमके काय जास्त खुपले असेल, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. दुसऱ्या बाजीरावाने आईची बाजू घेतली आणि १८०६च्या सुमारास प्रतिनिधीला मसूरच्या किल्ल्यात कैदेत टाकले.

मसूर कऱ्हाडच्या ईशान्येला, कृष्णेच्या पूर्वेकडे. जगदाळे देशमुखांचे जुने गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, म्हणून लोक येतात, नमस्कार करतात आणि पुढे जातात. गड बघायच्या हौसेने येणाऱ्याच्या हाती मात्र फार लागत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहाच्या टपरीवर विचारले, पंतप्रतिनिधींना कुठे कोंडले होते? चहावाल्याने साखर जास्त टाकत मला न्याहाळले. "कोणी कोंडलं?" म्हणाला. "पेशव्यांनी," मी. "मग सोडवलं कोणी?" मी म्हटले, "तेलिणीनं." तो हसला आणि म्हणाला, "मग बरोबर." काय बरोबर, ते त्याने सांगितले नाही, माझ्याकडून चहाचे पैसे मात्र घेतले नाहीत.

तेलिणीने केले ते असे. पंत कैदेत पडल्यावर ती डोंगरात गेली, वासोट्याचा किल्ला हाताशी धरला, माणसे जमवली आणि मसूरवर येऊन पंताला बाहेर काढले. सुटलेल्या पंताने स्वतःला साताऱ्याच्या छत्रपतींचा सेवक म्हणवून घेतले आणि पेशव्यांविरुद्ध उघड बंड केले. छत्रपती त्या काळात साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत होते, तेव्हा ही घोषणा किती निष्ठेची आणि किती सोयीची, ते ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत सोयीची. पेशव्यांनी आपले सरदार बापू गोखले यांना पाठवले. वसंतगडाजवळ गाठ पडली. पंताच्या डोक्याला आणि हाताला जखमा झाल्या, एक हात गेला, आणि पुढे उभा जन्म 'थोटे पंत' हे नाव चिकटले. त्यांना पुण्याला नेले आणि मुलूख बहुतेक गोखल्यांच्या हाती गेला.

खरे तर इथे बंड संपायला हवे होते. ज्याच्यासाठी उभे राहायचे तोच शत्रूच्या ताब्यात. पण वासोटा खाली झाला नाही. तेलीण आठ महिने लढत राहिली.

हे सगळे आपल्याला मुख्यतः ग्रँट डफमुळे माहीत आहे. डफला नावे ठेवायची आपल्याकडे नीळकंठराव कीर्तन्यांपासूनची परंपरा आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्तही आहे. पण १८१८पासून चार वर्षे हा माणूस साताऱ्यात कारभार बघत होता आणि थोट्या पंतांशी त्याचा प्रत्यक्ष व्यवहार होता. १८२०मध्ये कंपनीने पंतांशी करार केला, तो याच काळात. म्हणजे तेलिणीची हकीकत त्याला ऐकीव असली, तरी दहा-बारा वर्षांमागची होती, आणि ज्याचा हात गेला तो माणूस समोर बसलेला होता. तरी त्याच्या १८२६च्या इतिहासात तिच्या वाट्याला आल्या त्या मोजक्याच ओळी. मुतालिकाला नाव आहे, गोखल्यांना नाव आहे, तिची नोंद मात्र पंतांची ठेवलेली बाई म्हणून.

लोकांनी तिला ठेवले ते वेगळ्या तऱ्हेने. तिच्यावरचे एक कवन साताऱ्याकडे अजून लोकांच्या तोंडी आहे. ते मी इथे देत नाही. एवढेच सांगतो, की वासोट्याशी यमक जुळवत त्यात पेशव्यांच्या सरदाराला धोतर सांभाळण्याचा सल्ला दिला आहे. डफने तिला पंतांच्या गोष्टीत बसवले, आणि कवनात पंत नुसते किल्ल्याचे मालक म्हणून उरले. हसू येते ते गोखल्यांचे. मला या बाबतीत लोकांचा हिशेब जास्त खरा वाटतो.

वासोटा माझ्या पहिल्या अटीत बसत नाही, हे कबूल. चढ तासाभराचा नाही, चांगला दुप्पट-अडीचपट आहे. पण वाट झाडीतून, सावलीतली आहे, दम खात गेले तर गुडघे माफ करतात. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला यायचे, वनखात्याची परवानगी काढायची, प्लास्टिकची मोजदाद द्यायची आणि लाँचमध्ये बसायचे. तासा-दीड तासाने मेट इंदवलीला उतरले की पुढे कोयना अभयारण्य. गडावर मुक्काम करता येत नाही, पावसाळ्यात वाट बंद असते. जमिनीवर गव्याच्या खुरांचे ठसे दिसले की आपोआप सगळे गप्प होतात.

वर पोचल्यावर दाराशी उघड्यावर बसलेला मारुती, पुढे महादेवाचे देऊळ, टाके, वाड्यांची जोती. आणि बाबुकडा. तिथे उभे राहिले की पोटात खड्डा पडतो, समोर जुना वासोटा. याच जुन्या वासोट्यावरून एप्रिल १८१८मध्ये इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरने तोफा डागल्या. तेव्हा साताऱ्याच्या राजघराण्यातली माणसे इथे ठेवलेली होती. हंटर आणि मॉरिसन हे दोन कोवळे इंग्रज अधिकारीही इथेच कैदेत होते. तोफा सुरू झाल्या आणि दिवसभरात गडाने शरणागती पत्करली. दोनच महिने आधी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले होते आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले होते. ज्या किल्ल्याने तेलिणीच्या हाताखाली गोखल्यांना आठ महिने झुलवले, तो पेशव्यांच्या हाताखाली एक दिवस टिकला. तोफांचा फरक आहे, मान्य. पण नुसता तोफांचाच फरक असेल, असे मला वाटत नाही.

तिचा पराभव तोफांनी केला नाही. धान्याच्या कोठाराला आग लागली, साठा जळाला आणि १८०७च्या सुमारास गड खाली झाला.

हे कळल्यापासून मी वासोट्यावर बुरुजांपेक्षा जोती जास्त बघतो. आठ महिन्यांत पावसाळाही आला असणार, आणि कोयनेचा पावसाळा म्हणजे चार महिने सूर्य नाही. ज्वारी, नाचणी, भात वर चढवायचे ते माणसाच्या नाहीतर बैलाच्या पाठीवर. ते ओल्यापासून जपायचे. शिबंदीला मापाने द्यायचे. तेल्याच्या घरातल्या बाईला माप आणि साठा कळत असणार, असे मी एकदा एका इतिहासप्रेमी मित्राला म्हणालो, तर तो म्हणाला, "हे तुझं, कागदात नाही." माझेच आहे. तेलाचे घाणे, बुधले, वायदे, उधारी हे सगळे जिने लहानपणापासून पाहिले, तिला वेढ्यातला शिधा पुरवून वापरणे अवघड गेले नसेल, असे मला वाटते, आणि वाटत राहील.

वसंतगडाच्या पश्चिम तटावरून जे खोरे धुरकट होत जाताना दिसते, तेच हेळवाकला काटकोनात वळून उत्तरेला वासोट्याच्या पायथ्याशी येते. म्हणजे पंतांचा हात जिथे पडला तिथपासून तेलीण जिथे बसली होती तिथपर्यंत नदी एकच. पूर्वी या नदीकाठाने गावागावांतून पायवाट होती. आता हेळवाकच्या वर धरणाची भिंत आहे, आणि तिच्या मागे शिवसागराचे एकशे पाच टीएमसी पाणी. गावे उठली, काही लोक खाली गेले, काही वर सरकले. बामणोलीची लाँच चालवणारे बहुतेक याच खोऱ्यातले.

परत येताना ऊन उतरले होते. लाँचवाल्याने मध्येच इंजिन बारीक केले आणि पाण्याकडे बोट केले. "इथनं वाट होती," म्हणाला. "आज्जा सांगायचा. धान्याचे बैल याच वाटेनं जायचे." मी वाकून पाहिले. हिरवे पाणी, त्यात मागे पडत चाललेल्या वासोट्याची सावली, आणि लाँचचा पट्टा. त्याने पुन्हा इंजिन वाढवले; पाचच्या आत काठाला लागायचे होते.