लेकराचे वय आणि विमानाचे तिकीट



आहुप्याहून घोडेगावकडे येणाऱ्या एस.टी.त एक प्रश्न हमखास कानी पडतो. कंडक्टर विचारतो, "मावशी, पोरगं केवढ्याचं?" मावशी सांगतात, "पाच पुरं न्हाई झालं अजून, मास्तर." आणि तेवढ्यात ते पोरगंच मोठ्या ऐटीत सांगून टाकतं, "मी पहिलीला हाय!" सगळी गाडी हसते. एस.टी.त पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. त्यामुळे पाचव्या वाढदिवसाच्या आसपास कितीतरी मुलांचे वय वर्षवर्ष पुढे सरकतच नाही!

हाच प्रश्न आता विमानाच्या दारातही येतो. मुलगा-सून, लेक-जावई नोकरीसाठी दूर गेले की नातवंडांना घेऊन विमानाने येणे-जाणे होते. म्हणून लहान मुलांसाठी विमानात कोणते नियम असतात, ते का असतात आणि ते थोडे वाकवले तर बिघडते कुठे, याचा आज विचार करू.

विमानात सीमा आहे ती दोन वर्षांची. दोन वर्षे पुरी न झालेले मूल आईबापांच्या मांडीवर बसून जाऊ शकते. त्याचे थोडके पैसे घेतात, पण वेगळी जागा देत नाहीत. दोन वर्षे पुरी झाली की स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकीट. यात एक खोच आहे. जाताना मूल तेवीस महिन्यांचे असेल आणि परतीच्या आधी त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीला त्याची जागा घ्यावी लागते. इथेच पुष्कळांचे मन चळते. "चार दिवसांचा तर फरक! पोर काय चार दिवसांत वाढले?" असे वाटते. वाटणे चुकीचे नाही. चार दिवसांत पोर वाढत नाही, हे खरेच आहे. मग नियम खोटा ठरतो का?

याचे उत्तर शोधायचे तर आधी नियमांची जात ओळखावी लागेल. काही नियम पैशाचे असतात, काही जिवाचे असतात, आणि काहींत दोन्हींची सरमिसळ असते.

मांडीवरच्या मुलाचा नियम या सरमिसळीतला आहे. दहा किलोचे मूल आई सहज कडेवर घेते. पण एस.टी.ने करकचून ब्रेक मारला की तेच मूल हातातून निसटू पाहते, हा अनुभव सर्वांचा आहे. आता विमानाचा वेग लक्षात घ्या. नव्या विमानांतली आसने वजनाच्या सोळा पट झटका सोसतील अशी बनवतात. तेवढा झटका बसला तर दहा किलोच्या मुलाचा भार होतो एकशेसाठ किलो, म्हणजे पन्नास किलोच्या तीन पोत्यांहून जास्त. कोणत्या आईचे हात ते पेलतील? माया कमी पडते असे नव्हे. हाताचे बळ कमी पडते.

याची कठोर परीक्षा 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटी येथे झाली. बिघडलेले एक मोठे विमान उतरताना कोसळले. विमानात 296 माणसे होती. त्यांपैकी 112 दगावली. मांडीवरची चार मुले होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना खाली, पायांपाशी ठेवायला सांगितले गेले. त्यांतले एक मूल वाचले नाही. त्यानंतर अमेरिकेत वर्षानुवर्षे मागणी झाली, की तान्ह्या मुलालाही वेगळी जागा आणि पट्टा सक्तीचा करा. पण 2005 साली तिथल्या सरकारी विमान खात्याने सक्ती न करण्याचे ठरवले. कारण ऐकण्यासारखे आहे. तिकिटाचा खर्च वाढला तर पुष्कळ कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर धोका विमानापेक्षा जास्त. म्हणजे एकूण मुले अधिक दगावतील, असा त्यांचा हिशेब होता.

पाहा मंडळी, नियम करणाऱ्यांनाही तडजोड करावी लागते. दोन वर्षांची रेघ काही देवाने आखलेली नाही. ती माणसांनी आखली आहे. पण त्यांनी ती उघडपणे, सगळ्या मुलांचा विचार करून आखली. वय चोरणारा माणूसही तडजोडच करतो. पण तो ती गुपचूप, फक्त आपल्यापुरती करतो, आणि धोका मात्र मुलाच्या अंगावर टाकतो. फरक आहे तो इथे.

काही नियम वरवर उगाच वाटतात. एका ओळीत दोन तान्ही मुले बसू देत नाहीत. शेजारच्या जागेवरच्या बहिणीला वाटते, आम्ही दोघी जवळ बसलो तर यांचे काय जाते? तर गोष्ट अशी, की विमानातल्या हवेचा दाब एकाएकी उतरला तर प्राणवायूचे मुखवटे वरून खाली येतात, आणि ओळीतल्या आसनांपेक्षा बहुधा एकच मुखवटा जास्त असतो. ओळ भरलेली असताना दुसरे तान्हे मूल आले, तर कोणा एकाला मुखवटा उरणार नाही. संकटकाळच्या दाराशी मुलांना बसवत नाहीत, तेही याच जातीचे. तिथे बसणाऱ्याला दार उघडता आले पाहिजे.

उलट, काही गोष्टी आपण नियमभंग समजून लपवतो आणि त्या मुळात मोकळ्याच असतात. परदेशी जाताना द्रवपदार्थ शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त नेऊ देत नाहीत. पण बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला सूट असते. ते पिशवीच्या तळाशी दडवू नये. तपासणीच्या वेळी काढून दाखवावे.

मग नियमाला कधीच मुरड घालू नये का? तसेही नाही. पोर तापाने फणफणले आहे, रडून आकांत करते आहे, अशा वेळी हवाई सुंदरीला सांगावे, "बाई, काही सोय होईल का?" रिकामी जागा असली तर ती पुष्कळदा देते. सवलत मागणे वेगळे आणि फसवून घेणे वेगळे. मागणाऱ्याला नकार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते, एवढाच काय तो जाच. मनात शंका आली तर तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी वाकवतो त्या नियमाचा भार कोणावर पडेल? हे मी समोरच्या अधिकाऱ्याला तोंडावर सांगू शकेन का? आणि सगळ्यांनीच असे केले तर?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहुपेकरांना शिकवायला नको. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून आहुप्याची देवराई गावाने राखली. तिथे पहारेकरी नव्हता, दंडाची पावती नव्हती. एका मोळीने राई उजाड होत नाही, हे प्रत्येकाला कळत होते. पण प्रत्येकाने एकच मोळी म्हटली तर राई उरत नाही, हेही कळत होते. म्हणून राई उरली.

कोणी म्हणेल, गरिबाला हे शहाणपण परवडत नाही. हे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. दिवसाच्या मजुरीतून तिकीट काढणाऱ्या माउलीला अर्धे तिकीटही जड असते. पण नियम जाचक असेल तर तो बदलून घेता येतो. एस.टी.त महिलांना निम्म्या दराची सवलत 17 मार्च 2023 पासून मिळाली. ती सगळ्यांना उजळ माथ्याने मिळाली. कोणाला काही चोरावे लागले नाही.

शेवटी गुरुजनांसाठी एक शब्द. जुन्या पिढीत कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जून आहे. घरी नोंद नसे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजाने ती लिहिली. त्यात लबाडी नव्हती, नाइलाज होता. आज तो नाइलाज उरलेला नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढचा वयाचा पुरावा आहे. तेव्हा मुलाची नोंद वेळेवर करून घ्या, हे पालकांना सांगावे.

आणि आणखी एक सांगावे. वय चोरायचे तर आधी पोराला गप्प बसायला शिकवावे लागते. "मी पहिलीला हाय" हे ते अभिमानाने सांगते. तो अभिमान तुम्हीच त्याला दिलेला असतो. तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी तोच दाबून टाकायचा का, याचा विचार तिकीट काढण्याआधी करावा.