विषण्ण मन, बाल्य आणि 'पूर्वसंचित'

घरातील कोणी दीर्घकाळ खिन्न राहू लागले, एखाद्या मुलाच्या ध्यानी काही राहीनासे झाले, की 'पूर्वसंचित' हा शब्द कानी पडतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही तो पडावा, याचा आम्हांस खेद होतो.

संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना हाच प्रश्न करतो : माणसाचे सारे सुख-दुःख पूर्वकृत कर्मामुळेच काय? तथागत हे मत खोडून काढतात. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम परिहार व आघात अशी सात कारणे सांगून मग ते कर्मविपाकाचा उल्लेख करतात. परिहार म्हणजे सांभाळ; गर्भाच्या जपणुकीला पालीत 'गब्भपरिहार' म्हणतात. सुत्तातील 'विषम परिहारा'चा अर्थ आम्ही बाल्यापर्यंत नेत आहोत, ही जबाबदारी अर्थात आमची.

मेंदूची घडण गर्भात सुरू होते आणि विशी उलटेपर्यंत चालते. पहिल्या काही वर्षांत चेतापेशींच्या जोडण्या अतिशय वेगाने होतात. वापरातल्या दृढ होतात, अनेक गळून पडतात. रडणाऱ्या बाळाला कोणी उचलून घेणे हेही या घडणीचेच द्रव्य होय. भय व उपेक्षा दीर्घकाळ राहिली, तर ताणाला तोंड देणारी शरीरयंत्रणा बिघडू शकते आणि पुढे विषण्णतेचा धोका वाढतो.

रुमानियात 1966 साली गर्भपातबंदी झाली, आणि 1989 मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा हजारो मुले अनाथालयांत होती. बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात अशा 136 बालकांपैकी निम्मी चिठ्ठीपद्धतीने पालक-कुटुंबांत दिली गेली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत : कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ सरस ठरली, दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची विशेष. साडेचार वर्षांच्या वयात त्यांच्यात चिंता व विषण्णतेचे विकारही कमी आढळले. अवधानाचे दोष मात्र तसे निवळले नाहीत.

मुले तीच, त्यांचे तथाकथित संचितही तेच. बदलला तो सांभाळ. पूज्य बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त का नाकारला, ते येथे उमगते.

पण संचिताच्या जागी आता आईला उभे करणे हाही अन्यायच. गर्भारपणी उपाशीपोटी राबणारी स्त्री स्वतःच विषम परिहाराची बळी असते. शिवाय बाल्य हा अनेक प्रत्ययांपैकी एक प्रत्यय आहे. आनुवंशिकता व पुढील आयुष्यातील आघातही आहेतच. कठीण बाल्य गेलेल्या सर्वांनाच हा आजार जडत नाही, आणि जडला तरी प्रौढ वयातही औषधे व समुपदेशन यांनी पुष्कळांना उतार पडतो.