नुसता खेळ नव्हे हो!

मूल बालवाडीतून घरी आलं, की आपण आधी त्याची वही उघडतो. पान कोरं दिसलं, की कपाळाला आठी! "एवढी फी भरायची, आणि तिथं नुसतं खेळवतात होय?" चर्चच्या आवारातल्या एका बालवाडीत मी अर्धा वेळ शिकवते. हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. म्हणून मैत्रिणींनो, आमच्या वर्गातली एक सकाळच तुमच्यापुढे ठेवते.

नऊला दार उघडतं. आपली चप्पल आपणच रांगेत ठेवायची, डबा आपापल्या खणात. मग सारी गोल बसतात. डोळे मिटून छोटीशी प्रार्थना, आणि शेवटी मोठ्ठं 'आमेन'! वर्गात इतर धर्मांची मुलंही पुष्कळ. काही आयांना इथे शंका वाटते. आपल्या घटनेच्या २८व्या कलमानुसार, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. तेव्हा मनातलं प्रवेशाच्या वेळीच मोकळेपणानं बोलावं.

मग गोष्ट. परवा नोहाच्या तारवाची होती. टोपलीतले लाकडी प्राणी जोडी-जोडीनं तारवात चढवायचे. हत्तीजवळ हत्ती, उंटाजवळ उंट. कुणीतरी शेळी वाघाशेजारी ठेवली, तशी एक चिमुरडी ओरडली, "बाई, तो खाईल ना तिला!" झालं, वर्गभर चर्चा! सारखं-वेगळं ओळखणं, दोन-दोन मोजणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मनातलं नीट सांगणं, सगळं त्या एका टोपलीत आलं.

नंतर हातांचे खेळ. माती मळायची, मणी ओवायचे, या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात न सांडता ओतायचं. पेन्सिल धरायला बोटांत जोर आणि मनगटाला वळण लागतं, ते इथं येतं. मुलाचं नाव काढायला आलेल्या एका आईला आम्ही दाराशी बसवलं. तिचा साडेतीन वर्षांचा मुलगा पंधरा मिनिटं मान खाली घालून मणी ओवत होता. "घरी दोन मिनिटं बसत नाही हो!" ती पुटपुटली. नाव काढणं तिनं दिवाळीपर्यंत लांबवलं.

हे काही आमच्या बाईंच्या डोक्यातलं खूळ नव्हे. पाद्र्याचा मुलगा असलेल्या फ्रोबेलनं १८३७ साली जर्मनीत खेळातून शिकवणारी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत निघालं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही या वयासाठी खेळातूनच शिकण्यावर भर दिला आहे.

घरीही हे सहज जमतं. मटार सोलायला द्या, कणकेचा छोटा गोळा द्या, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला सांगा. मणी-चिंचोके मात्र नजरेसमोरच. नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. आणि मूल घरी आलं, की वहीआधी त्यालाच विचारा, "आज काय काय खेळलास?" उत्तर ऐकायला थोडी फुरसत मात्र काढा. ते लांबलचक असतं, बरं का!