हंसांची फारकत

२०१०च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या स्लिमब्रिज पाणथळीवर चर्चा होती ती एका घटस्फोटाची. सारिंदी नावाचा नर हंस आर्क्टिक रशियातून हिवाळ्यासाठी आला, तो नव्या मादीला घेऊन. दोन वर्षांची त्याची जोडीदारीण सारुनी दगावली असावी, अशी निरीक्षकांना भीती वाटली. पण थोड्याच काळात तीही उतरली, आणि तिच्यासोबतही नवा नर! दोघे त्याच तळ्यात राहिले, पण एकमेकांना ओळख दाखवली नाही.

याची बातमी झाली, कारण तेथे चाळीसेक वर्षांत पाहिलेल्या सुमारे चार हजार जोड्यांतली ही अवघी दुसरी फारकत होती. ब्युइक जातीच्या या हंसांच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी ते हेरले आणि १९६४पासून नक्षीवरून एकेका हंसाची नोंद सुरू झाली. म्हणून तर कोण कोणासोबत आला, हे कळते.

एवढी निष्ठा कशासाठी? उत्तर फारसे काव्यमय नाही. आर्क्टिकचा उन्हाळा तोकडा. घरटे, अंडी, पिल्लांचे उडण्याजोगे होणे, सारे थंडी परतण्याआधी उरकायचे असते. दरवर्षी नवा जोडीदार शोधत बसले, तर हंगामच हातचा जायचा. पुढे पिल्ले आईबापांसोबतच सुमारे ३,५०० किलोमीटर उडत येतात आणि पहिला हिवाळाही त्यांच्याच आधाराने काढतात. अशा वेळी सरावलेली जोडी कामी येते. सारिंदी-सारुनीला मात्र एकदाही पिल्लू आणता आले नव्हते. काडीमोडामागे तेच असावे, असा निरीक्षकांचा कयास.

जोडीदार गेला की हंस झुरून मरतो, हे मात्र कवींनी सांगावे. काही काळ तो एकटा राहतो खरा. पण बहुतेक जण पुन्हा जोडी जमवतात.

शिवाय संसार एकत्र असला, तरी पिल्ले त्याच नराची असतील असे नाही. ऑस्ट्रेलियातले काळे हंसही दीर्घकाळ जोडीने राहतात. त्यांच्या पिल्लांचा डीएनए तपासला, तेव्हा साधारण सातांतले एक पिल्लू सांभाळणाऱ्या नराचे नसल्याचे आढळले. गंमत म्हणजे, काळ्या हंसांत अंडी उबवायला नरही आळीपाळीने बसतो.