साध्या पानांचा डाव

रमी असो की मेंढीकोट, बावन्न पानं सगळ्यांची तीच. ज्याच्या हातात जे येईल ते. 'मॅजिक: द गॅदरिंग'मध्ये मात्र प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून लावून आणतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला आणि पोकेमॉन, यु-गि-ओ यांच्या पत्त्यांना त्यानंच वाट करून दिली. खेळाची गंमत आणि खिशाला बसणारी चाट, दोन्ही आपला कॅट आपणच लावायच्या या एकाच नियमातून येतात.

नवखा खेळाडू आधी बंद पाकिटं फोडतो. पाकिटात चौदा-पंधरा कार्डं, त्यातली बहुतेक साधी, 'रेअर' एखाददुसरं. स्पर्धेचा डेक किमान ६० कार्डांचा असतो आणि त्यात मॅना, म्हणजे कार्डं खेळायची ताकद, पुरवणारे साधे लँड सोडले तर एका नावाची चारच कार्डं चालतात. ती चार पाकिटातून निघण्याची वाट पाहणं म्हणजे सोडतीवर संसार चालवणं. सुटी कार्डं विकत घ्यावीत; पाकिटं वाढदिवसाला ठीक.

मग कोणत्या प्रकारात खेळायचं? 'लेगसी'त जुने दुरंगी लँड लागतात आणि ते पुन्हा छापणार नाही, असं खेळ छापणाऱ्या कंपनीनं १९९६ मध्येच सांगून टाकलंय. त्यामुळे त्यांचे भाव उतरायचं नाव घेत नाहीत. 'स्टँडर्ड'मध्ये जुने संच ठरावीक काळानं बाद होतात, म्हणजे खर्च चालूच. इथं बरेच जण जिंकणाऱ्या डेकची स्वस्त नक्कल करतात: महागडी चार-आठ कार्डं काढायची आणि त्यांच्या जागी हाताशी असेल ते भरायचं. माझ्या मते हा पैसे वाया घालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. त्या डेकचा सगळा डोलारा नेमका त्या महागड्या कार्डांवरच उभा असतो.

त्यापेक्षा जिथं स्वस्त असणं हाच नियम आहे तिथं जावं. 'पॉपर' या प्रकारात कधी ना कधी 'कॉमन' म्हणून निघालेलीच कार्डं चालतात. हौशी खेळाडूंनी ऑनलाइन रुजवलेल्या या प्रकाराला कागदी पत्त्यांसाठी एकच अधिकृत नियमावली २०१९ मध्ये मिळाली. आवृत्ती कोणतीही चालते, तेव्हा सर्वांत स्वस्त छपाई घ्यावी. आणि 'कॉमन' म्हणजे दुबळं, असं समजू नये: 'लायटनिंग बोल्ट' आणि 'काउंटरस्पेल' ही खेळातली नावाजलेली कार्डं इथं चालतात.

पहिला डेक लाल रंगाचा 'बर्न' असावा. त्याचं गणित फार देखणं आहे. प्रतिस्पर्ध्याचं लाइफ २०. आपल्या हाती सुरुवातीला ७ कार्डं. पहिली चाल आपली असेल तर पहिल्या फेरीत उचलायचं नाही, म्हणून चौथ्या फेरीपर्यंत एकूण १० कार्डं. साठात १८ माउंटन, म्हणजे लाल मॅना देणारे साधे लँड, ठेवले तर दहात सरासरी ३ लँड आणि ७ माऱ्याची कार्डं. बोल्ट, 'चेन लायटनिंग', 'लाव्हा स्पाइक' ही प्रत्येकी एका मॅनात ३ लाइफ घेतात. सात त्रिक एकवीस! प्रत्यक्षात सगळीच कार्डं इतकी स्वस्तात उडत नाहीत आणि समोरचाही गप्प बसत नाही. म्हणून शेवटच्या घावासाठी 'फायरब्लास्ट' ठेवतात: मॅनाऐवजी दोन माउंटनांचा बळी द्यायचा आणि ४ लाइफ घ्यायचं. तो बळी कधी द्यायचा, हे ज्याला कळलं त्याला अर्धा खेळ कळला. एकच रंग असल्यानं महागडे लँडही लागत नाहीत.

धोका आहे तो बंदीचा. 'मोनॅस्ट्री स्विफ्टस्पिअर' २०२२ मध्ये 'कॉमन' झालं, लाल डेकवाल्यांनी डोक्यावर घेतलं आणि २०२३ मध्ये पॉपरमधून हद्दपार झालं. पण चार साधी कार्डं गेल्याचं दुःख कितीसं असणार?

खरेदीआधी कार्डांची नावं कागदावर लिहून घरी डाव टाकून पाहावेत. असे कागद अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, सरावाला कोणी अडवत नाही. नियम शिकायला 'मॅजिक अरेना' हा ऑनलाइन खेळ फुकट आहे. डेक हातात बसला की १५ कार्डांच्या साइडबोर्डकडे वळावं. पहिल्या डावानंतर डेकमधली कार्डं त्यातूनच बदलता येतात.

पोकेमॉन खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: झगमगीत कार्डाचं साधं रूप तितकंच काम करतं, तेच घ्या, आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं अक्षर पाहा, 'स्टँडर्ड'मध्ये ते चालतं की बाद झालं, हे त्यावरून कळतं. यु-गि-ओमध्ये एका नावाची तीन कार्डं चालतात, म्हणून एकाच 'स्ट्रक्चर डेक'चे, म्हणजे तयार डेकचे, तीन खोके घेण्याची जुनी, शहाणी रीत आहे.

आपल्याकडे असे डाव रंगणारी दुकानं मोजक्या शहरांत आहेत, आणि समोर बसायला कोणी नसेल तर उत्तम डेकही कपाटातच राहतो. न्यू जर्सीत असा की पुण्यात, पैसे काढण्याआधी दुकानात जा, एक संध्याकाळ नुसतं बघत बसा आणि तिथं काय खेळतात ते विचारा. पॉपर खेळत नसतील तर दोघांचे डेक आपणच लावा आणि एक मित्राच्या हातात द्या.