जागा जमीनदाराची, मुलं गावाची

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यात शाळा शोधायची, तर आधी चर्चचा मनोरा पाहावा. शाळा बहुधा तिथून हाकेच्या अंतरावर असते. विटांची किंवा दगडाची बसकी इमारत, उंच खिडक्या, आणि फाटकावरच्या पाटीवर गावाच्या नावापुढे ‘चर्च ऑफ इंग्लंड प्रायमरी स्कूल’. जागा कधीकाळी जमीनदाराने दिलेली, इमारत चर्चने वर्गणी काढून बांधलेली, शिक्षकांचे पगार सरकारी पैशातून आणि मुलं गावातली. अशी शाळा नेमकी कुणाची, हे कळायला तिच्या गव्हर्निंग बोर्डावर कोण कोण बसतं ते पाहावं लागतं. तिथे गावचे व्हिकर, म्हणजे चर्चचे पाद्री असतात, एखादा निवृत्त हिशेबनीस असतो, पालकांनी निवडून दिलेली एखादी आई असते, कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. या कामाचा मोबदला कुणालाच मिळत नाही. या मंडळातली प्रत्येक खुर्ची कुठल्या तरी जुन्या भांडणातून आलेली आहे.

पहिली खुर्ची चर्चची. १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन झाली. गरिबांच्या मुलांना चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणुकीनुसार शिकवायचं आणि त्यासाठी गावोगावी शाळा काढायच्या, हा तिचा उद्देश. सरकारने प्राथमिक शिक्षणासाठी पहिल्यांदा खिशात हात घातला तो १८३३ मध्ये, वीस हजार पौंडांपुरता. १८४१ च्या कायद्याने जमीनमालकाला शाळेसाठी एक एकरापर्यंत जागा देणं सोपं केलं. मात्र शाळा उठली तर जागा मूळ मालकाकडे परत जाईल, अशी तरतूद त्यातच होती. तिच्यावरून आजही खटले होतात. ऑक्सफर्डशरमधल्या नेटलबेड गावच्या शाळेची जागा रॉबर्ट फ्लेमिंग यांनी दिलेली. जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंग यांचे हे आजोबा. शाळा शेजारच्या नव्या इमारतीत गेली, जुनी जागा विकली गेली, आणि वारसांनी हक्क सांगितला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती विकणाऱ्या कौंटी कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला.

त्या काळात शाळेचा कारभार पाहणाऱ्यांना ‘मॅनेजर’ म्हणत. मॅनेजर म्हणजे बहुतेक गावी पाद्री, जमीनदार आणि त्यांच्या उठबशीतले दोन-चार प्रतिष्ठित. फ्लोरा थॉम्पसन यांच्या ‘लार्क राइज’ या पुस्तकात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची अशी शाळा भेटते. तिथे रेक्टर, म्हणजे गावचे पाद्री, रोज सकाळी बायबलचा तास घ्यायला येतात. शेतमजुराच्या बायकोला या शाळेत मूल पाठवायचा हक्क होता, बोलायचा नव्हता.

सरकारची खुर्ची आली १९०२ च्या कायद्याने. चर्चच्या शाळांचा रोजचा खर्च स्थानिक करातून भागू लागला, आणि बदल्यात सहा मॅनेजरांपैकी दोन लोकनियुक्त संस्थांनी नेमायचे ठरले. उरलेले चार चर्चचेच. दुसऱ्या पंथाच्या शाळेसाठी आम्ही कर का भरायचा, म्हणून चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या ख्रिस्ती पंथांतले लोक खवळले. काहींनी करच भरला नाही, घरातलं सामान जप्त होऊ दिलं, काही तुरुंगातही गेले.

मंडळावर बसणाऱ्यांची आणि गावाची तोंडं दोन दिशांना असली की काय होतं, ते नॉरफकमधल्या बर्स्टन गावाने दाखवलं. तिथली शाळा कौंटी कौन्सिलची होती, पण मॅनेजरांचे अध्यक्ष गावचे रेक्टर. मुख्याध्यापिका ॲनी हिग्डन. त्यांचे पती टॉम त्याच शाळेत शिकवत आणि शेतमजुरांची संघटना बांधत. १९१३ च्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, निवडणुकीत टॉम पहिले आले आणि रेक्टर पडले. पुढे मॅनेजरांनी तक्रारींचा पाढा वाचला. पावसात भिजून आलेल्या मुलांचे कपडे वाळवायला बाईंनी परवानगीविना शेगडी पेटवली, हीसुद्धा तक्रारच! दोघांना काढून टाकलं, तेव्हा १ एप्रिल १९१४ रोजी ७२ पैकी ६६ मुलं संपावर गेली. पालकांनी आणि कामगार संघटनांनी मिळून वेगळी शाळा उभी केली. ती १९३९ पर्यंत चालली.

१९४४ च्या शिक्षण कायद्याने चर्चपुढे दोन वाटा ठेवल्या. पहिली ‘एडेड’ शाळेची: मंडळात चर्चच्या सभासदांचं बहुमत, प्रवेशाचे नियम आणि शिक्षकांची नेमणूक मंडळाच्या हाती, पण इमारतीच्या खर्चाचा निम्मा भार चर्चवर. हा भार आता दहा टक्क्यांवर आला आहे. दुसरी वाट ‘कंट्रोल्ड’ शाळेची: खर्च सगळा सरकारचा आणि चर्चचे सभासद अल्पमतात. गळकी छपरं आणि रिकामी गंगाजळी असलेल्या अनेक गावांनी ही दुसरी वाट धरली. पाटी तशीच राहिली, बहुमत गेलं.

पालकांना खुर्ची मिळायला मात्र बराच वेळ लागला. लंडनच्या विल्यम टिंडेल शाळेत १९७० च्या दशकात शिक्षक, मॅनेजर आणि पालक यांच्यात असा काही खटका उडाला की चौकशी बसवावी लागली. त्यानंतर १९७७ च्या टेलर समितीने मंडळावर पालक, शिक्षक, स्थानिक प्रशासन आणि गाव अशा चौघांना सारखी जागा द्या, असं सुचवलं. तितकं झालं नाही, पण १९८० च्या कायद्याने निवडून आलेले पालक आणि शिक्षक मंडळावर आणले, आणि ‘मॅनेजर’ जाऊन प्राथमिक शाळेतही ‘गव्हर्नर’ आले. १९८८ मध्ये शाळेचं अंदाजपत्रकच मंडळाकडे सोपवलं, तेव्हा या मानाच्या खुर्च्यांना खरा भार आला.

आज सरकारी अखत्यारीतल्या शाळेच्या मंडळात किमान सात जण लागतात. त्यात निदान दोन निवडून आलेले पालक, एक कर्मचारी, एक स्थानिक प्रशासनाचा प्रतिनिधी, मुख्याध्यापक आणि चर्चने नेमलेले सभासद असतात. मुदत साधारण चार वर्षं, बैठका वर्षाला कमीत कमी तीन. कामं मुख्यतः तीन: शाळेची दिशा ठरवणं, मुलांच्या प्रगतीबद्दल मुख्याध्यापकांना जाब विचारणं आणि पैशांवर नजर ठेवणं. शाळा चालवणं हे गव्हर्नरांचं काम नव्हे. गणित कसं शिकवायचं, कुणाला कुठला वर्ग द्यायचा, यात त्यांनी पडायचं नाही. एकट्या गव्हर्नरला कसलाही अधिकार नसतो. अधिकार मंडळाला असतो, आणि तोही बैठकीत.

तेव्हा नेमका प्रश्न विचारणं, हेच त्यांचं हत्यार. लहान शाळेत हे अवघड जातं. सहावीच्या वर्गात आठच मुलं असली, तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. दोघं परीक्षेच्या आठवड्यात आजारी पडली, तर निकालाचा आलेख कोसळतो. जाणता गव्हर्नर टक्क्यांवर अडत नाही. ही आठ मुलं पहिलीत कुठे होती आणि मागे पडलेल्यांसाठी काय केलं, हे विचारतो. त्यात समोरच्या मुख्याध्यापिका रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर भेटणार, आणि ज्या मुलाच्या निलंबनाची फेरतपासणी करायची त्याची आजी किराणा दुकानात. ओळखीच्या माणसाला अवघड प्रश्न विचारायचा आणि ओळखही राखायची, ही कसरत कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही.

चर्चने नेमलेल्या गव्हर्नरांवर आणखी एक जबाबदारी असते: शाळेचं ख्रिस्ती रूप जपणं. ऑफस्टेड या सरकारी संस्थेच्या तपासणीशिवाय चर्चच्या शाळांची ‘सायम्स’ ही स्वतंत्र तपासणी होते आणि तीत रोजची प्रार्थना, धर्मशिक्षण, मुलांशी वागणूक पाहिली जाते. पण गावात शाळा एकच असते. तिथे चर्चला न जाणाऱ्यांची, अन्य धर्मांची मुलंही येतात. आपल्या मुलाला प्रार्थनेतून वगळण्याचा हक्क पालकांना कायद्याने आहे. वेगळी श्रद्धा असलेल्या घरालाही शाळा आपली वाटावी, हे मंडळाला पाहावं लागतं.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या स्त्रियांना दिल्या. इंग्लंडने पालकांना एवढं झुकतं माप दिलेलं नाही. शाळेवर हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाला थोडी थोडी जागा दिली. दोन्हीकडे खुर्ची मिळाली म्हणून आवाज मिळतोच असं नाही.

इंग्लंडमध्ये आता अडचण वेगळीच आहे. खुर्च्या आहेत, बसायला माणसं मिळत नाहीत. एका व्हिकरकडे पाच-सहा गावं असतात. घरं महाग झाल्यामुळे तरुण कुटुंबं गावात टिकत नाहीत, आणि दर मुलामागे पैसे मिळत असल्याने पट घसरला की अंदाजपत्रकही घसरतं. खेड्यातली शाळा सहसा बंद करू नये, असं सरकारी धोरण आहे. म्हणून दोन-तीन गावच्या शाळा एकत्र येऊन एक मंडळ आणि एक मुख्याध्यापक ठेवतात, किंवा अनेक शाळा चालवणाऱ्या एखाद्या मल्टी-अकॅडमी ट्रस्टमध्ये सामील होतात. ट्रस्टमध्ये गेल्यावर कायदेशीर सत्ता ट्रस्टच्या विश्वस्तांकडे जाते, आणि गावच्या मंडळाला ते देतील तेवढेच अधिकार उरतात. मुख्याध्यापक निवडताना गावचं मत मोजलं जाईल का, उरलेला पैसा शाळेकडे राहील का, हे आधी लेखी ठरवून घेणारं मंडळ पुढेही काही करू शकतं. ज्यांनी ते कागद न वाचताच मान डोलावली, त्यांच्याकडे नाताळच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसण्यापलीकडे फारसं काम उरत नाही.